दोन गाड्या आणि बेस्तवारचा टँकर

पाण्यासाठी टिपाडं रांगेत लावून बसलेल्या बाईला, अमेरिकेतली जुनी गाडी जास्त जोरात पळते की ऑस्ट्रेलियातली, याच्याशी काय करायचं असतं? तुम्ही म्हणाल, काही नाही. मीही तेच म्हणाले असते. पण त्या दुष्काळात मी याच प्रश्नावर चार पानं लिहिली, मन लावून लिहिली, आणि त्या चार पानांमुळे आमच्या वस्तीची टिपाडं कोरडी राहिली.

आमची वस्ती नांदूरघाटच्या पुढे, रस्ता सोडून आत, वीस-बावीस घरांची. माझे वडील केजला एका छापखान्यात कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, पोपटी. वाटून उरलेली पत्रकं आई डब्यांच्या तळाशी घालायची, त्यामुळे डाळ संपत आली की खालून 'जाहीर निषेध' दिसायला लागायचं. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या डब्यांत वाकून. मी कॉलेजात असताना वडील गेले. मागे एक पेटीभर पत्रकं राहिली आणि साखर कारखान्याचं सभासदत्व, ते आईच्या नावावर झालं.

सहकारी साखर कारखाना आमच्यापासून जवळच. दोन पावसाळे कोरडे गेल्यावर त्या साली ऊसच नव्हता, म्हणून गाळप झालं नाही. बॉयलर थंड, कामगार घरी, ऊसगाड्यांचा तळ मोकळा. सरकारी टँकर गावापर्यंत यायचा. आडबाजूच्या वस्त्यांना पाणी द्यायचं ते कारखान्याच्या टँकरनं, असं संचालक मंडळानं ठरवलं होतं. काही महिने दिलंही. मग टँकरचा गिअरबॉक्स गेला आणि तो वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा राहिला.

तो दुरुस्त करू शकेल असा एकच माणूस होता, केजचे मिस्त्रीचाचा. वडिलांचे जुने दोस्त. वडिलांची पत्रकं त्यांच्या गॅरेजातून वाटली जायची, म्हणून अर्ध्या तालुक्याला आमचा निषेध ऑइलच्या बोटांसकट मिळायचा. टँकर का उभा आहे ते विचारायला मी वर्कशॉपला गेले, तेव्हा चाचा वेगळ्याच गाडीखाली होते.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या होत्या. कारखान्याच्या चेअरमनांनी त्या मुंबईकडून, कुठल्याशा लिलावातून आणल्या होत्या. दोन्ही माझ्या वडिलांच्या वयाच्या. एक लाल, अमेरिकन, दोन दारांची, बॉनेट एवढं लांब की वर बाज टाकावी. दुसरी पिवळी, ऑस्ट्रेलियन, चार दारांची, दिसायला जरा साधी. दोघींच्याही बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन.

"चाचा, टँकर कधी हुईल?"

ते गाडीखालून सरकत बाहेर आले, हात पुसले. "बेटा, दोन दिवसाचं काम हाय. पण साहेब बोलले, आधी ह्या दोघी. वाढदिवसाला पळवायच्या हायत."

"माणसांच्या आधी गाड्या?"

"मेरेको क्या पूछती? साहेबाला पूछ." मग माझा चेहरा बघून ते जरा नरमले. त्यांनी लाल गाडीवर हात ठेवला. "ही बघ. लई नखऱ्याची. सरळ रस्ता दिला तर कुणाच्या बापाला ऐकत न्हाई, पण वळण आलं की हिचा जीव जातो. आन् ही पिवळी घरची हाय. बायकोपोरं बसव, मागं शेरडू टाक, तरी त्या लाल बयेच्या मागं लागंल. तिकडं ऑस्ट्रेलियातबी आपल्यासारखंच म्हणतेत. गावं लांब लांब, मधी नुसता फुफाटा."

मी टँकर विचारायला गेले होते आणि तासभर गाड्यांचं ऐकत उभी राहिले. हे आता लिहिताना मला लाज वाटते.

चार दिवसांनी चेअरमनांचा पीए मोटरसायकलवरून वस्तीवर आला. मी आदल्या महिन्यात चारा छावणीतल्या गोंधळावर एक पत्रक काढलं होतं. मला वाटलं, दम द्यायला आला.

"ताई, तुमचं छावणीचं पत्रक साहेबांनी दोनदा वाचलं," तो बाजेवर बसत म्हणाला. "म्हणले, पोरगी तुटून पडलीय आपल्यावर, पण लिहितीय भारी."

"मग?"

"मग काय, गौरव अंक काढतोय वाढदिवसाला. लेख आले हायत पन्नास. सगळ्यात साहेब दीपस्तंभ. साहेबच कंटाळलेत. म्हणले, त्या पोरीकडून गाड्यांवर लिहून घ्या. अमेरिकन आन् ऑस्ट्रेलियन, दोघींची तुलना. मुंबईचे पाव्हणे येणार हायत, त्यांना वाचायला."

"वस्तीला पाणी न्हाई आन् मी गाड्यांवर लिहू?"

"ताई, इंजनावर लिहायचंय. इंजनाला काय पार्टी असती का?"

आतून आई म्हणाली, "इंजनाला नसंल. डायवरला असतीया."

पीए हसला. मी हसले नाही. मी सौदा केला. वडिलांनी आयुष्यात केला नव्हता, मी पाच मिनिटांत केला. आधी टँकर दुरुस्त, मग अंक. तो म्हणाला, लेख सोमवारी द्या, मिस्त्री मंगळवारी टँकरखाली झोपतो, बेस्तवारी सकाळी तुमच्या वस्तीवर पाणी.

"शब्द?"

"शब्द."

मी आईला सांगितलं. इथं आईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यात जे गेलं ते तिचं गेलं.

टँकर आला की टिपाडं कुणाची आधी, यावरून वस्त्यावस्त्यांवर डोकी फुटत होती. आमच्या वस्तीवर तसं कधी झालं नाही. आई प्रत्येक टिपाडावर चुन्यानं नंबर घालायची. पुढच्या खेपेला शेवटचं घर पहिलं, मग तसंच उलट. ज्यांचा एकमेकींशी वर्षानुवर्षं अबोला होता, त्या बायकासुद्धा आईच्या चुन्यापुढे वाद घालत नसत. कुणी निवडून दिलं नव्हतं तिला, कुठला ठराव नव्हता. ती चुकणार नाही आणि खोटं बोलणार नाही, एवढाच सगळ्यांचा हिशेब होता. कारखान्याच्या सभासद यादीत ती एक क्रमांक होती. वस्तीवर ती क्रमांक देणारी होती. नवरा गेल्यावर मिळालेला तेवढाच एक मान.

मी लिहायला बसले. दोन दिवस शेडमध्ये चाचांना प्रश्न विचारले, केजला जाऊन मोबाइलवर वाचलं. आणि खरं सांगते, मला मजा आली. निषेध लिहिताना कधी आली नव्हती एवढी. अमेरिकेत अशा गाड्या कारखान्यात काम करणारी तरुण पोरं घ्यायची, हे वाचून मी खूश झाले. ज्या हातांनी बनवली त्याच हातांत स्टिअरिंग! आणि ऑस्ट्रेलियाचं तर त्याहून आवडलं. तिथल्या एका मोठ्या शर्यतीत गाडी उतरवायची तर तशीच गाडी दुकानात साध्या गिऱ्हाइकालाही विकावी लागायची, असा त्या काळी नियम होता. शर्यतीला एक आणि लोकांना दुसरी, असं चालायचं नाही.

त्यावर मी लिहिलं: "आमच्या सहकारात असा नियम असता, तर चेअरमनच्या माठात जे पाणी, तेच सभासदाच्या टिपाडात आलं असतं." मला वाटलं, हा बाण बसला. लेखभर मी असे बाण लपवले. स्टिअरिंग डाव्या बाजूला असलेली अमेरिकन आपल्या रस्त्यावर समोरचं बघू शकत नाही, असं लिहिलं. ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि शेवटी लिहिलं: "अमेरिकन गाडीला धूळ सोसत नाही, तिचा घसा लगेच धरतो. ऑस्ट्रेलियन धुळीतच वाढली. आमच्या मातीत कोण टिकेल, हे वेगळं सांगायला नको." हे वाक्य लिहून मी उठले आणि दोनदा मोठ्यानं वाचलं. एवढं आवडलं होतं.

सोमवारी लेख दिला. मंगळवारी चाचा खरोखर टँकरखाली गेले. बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला, "बेटा, चालू झाला. आवाज ऐक." टँकरचा आवाज मी आईच्या कानाला लावला.

मग आईनं वस्तीभर सांगितलं, उद्या सकाळी पाणी.

आमच्याकडे टँकर येणार म्हटलं की आदल्या दिवशी टिपाडं घासतात. तळाला हातभर उरलेलं पाणी हिरवं पडलेलं असतं, त्यावर नवं पाणी घेतलं तर तेही नासतं. म्हणून ते उरलेलं उपसून जनावरांना द्यायचं, गोधड्या-धडुती धुवायची, टिपाड राखेनं घासून उपडं टाकायचं. एरवी ते हिरवं पाणी बायका दोन-तीन दिवस पुरवतात. आईच्या शब्दावर त्या दिवशी सगळ्या वस्तीनं ते संपवलं. शेजारची म्हातारी एकटी राहायची, दोन शेरड्या तिच्या. तिनं त्यांच्यापुढं अख्खी बादली ठेवली. "प्या गं बायांनो, उद्या नवं येतंय." आई अंगणात चुना कालवत बसली होती.

बेस्तवारी सकाळी मला न्यायला जीप आली. लेखकांचा सत्कार होता. पीएला फोन केला तर म्हणाला, टँकर भरून निघालाय. आई म्हणाली, "जा, पण लवकर ये, मला एकटीला नंबर आवरत न्हाईत."

ऊसगाड्यांच्या तळावर मांडव घातला होता. तळापासून गेटपर्यंत मुरमाचा सरळ रस्ता, तिथं दोन्ही गाड्या पळणार होत्या. चेअरमन स्वतः लाल चालवणार, मिस्त्रीचाचा पिवळी. मुंबईचे पाहुणे कॅमेरे घेऊन उभे होते. मला शाल दिली, नारळ दिला, अंक दिला. मी खुर्चीत बसून आधी माझाच लेख उघडला. नियमाचा परिच्छेद गायब होता. डाव्या स्टिअरिंगचं वाक्य गायब होतं. मथळा बदलून 'दोन गाड्या, एक सारथी' केला होता. धुळीचं वाक्य मात्र होतं. अर्धंच, पहिलं अर्धं, चौकटीत, ठळक अक्षरात: अमेरिकन गाडीला धूळ सोसत नाही.

मी मान वर केली तेव्हा टँकर आला. आमचा टँकर. धुतलेला, पुढच्या काचेला झेंडूचा हार. मागं भोकं पाडलेली आडवी नळी बसवली होती. तो गेटपासून हळूहळू निघाला आणि त्या नळीतून पाणी रस्त्यावर पडायला लागलं.

पीए वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, तुमच्या लेखाची कमाल. साहेब म्हणले, हिला धूळ सोसत न्हाई लिहितीय ना पोरगी, मग धूळ ठेवूच नका."

"तो आमच्या वस्तीला यायचा होता."

"येतोय की. एक खेप हितं, मग तुमच्याकडंच."

मला वस्तीवरची पोर म्हणून एक गोष्ट पक्की माहीत होती, ती त्यालाही माहीत होती. कारखान्याच्या विहिरीला त्या उन्हाळ्यात दिवसाला एकच टँकर पाणी येत होतं. उपसलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत तळ दिसायचा. म्हणजे आमचं आजचं पाणी हेच, जे मुरमात मुरत होतं. टँकर गेला, वळला, परत आला. मांडवातल्या पुढच्या रांगेनं ओल्या मातीचा वास घेतला आणि कुणीतरी वा म्हणालं.

मी तेव्हा उठायला हवं होतं. माईक समोर होता. वडील असते तर टँकरपुढे आडवे झाले असते. मी शाल सावरून बसून राहिले. आणि याहून वाईट सांगते. गाड्या सुटल्या, तेव्हा मी खुर्चीच्या टोकावर आले. ती आठ-आठ सिलिंडरं एकदम पेटली, आणि तेवढे काही क्षण माझ्या मनात एकच होतं: पिवळी जिंकू दे. माझी ऑस्ट्रेलियन जिंकू दे.

शर्यत अशी झालीच नाही. मुरूम भिजून त्याचा राबडा झाला होता. लाल गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगरली, पुढच्या रांगेवर चिखल उडाला, मग ती तिरपी होऊन कशीबशी निघाली. पिवळीला रस्ता कोरडा असता तर दाखवता आलं असतं काहीतरी. चाचांनी ती मागं ठेवली, मागंच ठेवली. लाल पुढे गेली, टाळ्या पडल्या. नंतर मी त्यांच्याकडे गेले तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैं तो पूरा टाइम ब्रेक पे था, बेटा. जितायचं नव्हतं." दोन देशांच्या गाड्यांची तुलना ती एवढी.

मी घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. टिपाडं रांगेत उभी, घासलेली, पांढरे नंबर घातलेली. बायका सकाळपासून बसून उठून गेल्या होत्या. आई एकटी होती.

"कावून आला न्हाई गं टँकर?"

शाल माझ्या पिशवीत होती. मी म्हणाले, "परत बिघडला."

आई उठली आणि घरोघर सांगून आली, टँकर बिघडलाय, उद्या येईल. लोकांनी ऐकून घेतलं. ती सांगत होती ना. वस्तीच्या वापरायच्या पाण्यात त्या संध्याकाळी हिरवा थेंबही नव्हता. सगळ्या बायका दोन कोसांवरच्या नाल्यातल्या झऱ्यावर गेल्या, शेजारची म्हातारीही एक घागर घेऊन गेली. येताना दमून दगडावर बसली, घागर कलंडून पाणी सांडलं, आणि रिकामी घागर घेऊन परत आली. आईनं तिला आपल्यातलं अर्धं दिलं.

शुक्रवारी टँकर आला. गळ्यातला हार तसाच, वाळलेला. ड्रायव्हर खुशीत होता. आईनं विचारलं, "काय मोडलं हुतं रं?"

"मोडलं? काय न्हाई वो मावशे. काल रस्ता भिजवायला हुतो. तुमच्याच ताईंनी लिवलंतं ना, लाल गाडीला धूळ चालत न्हाई म्हणून! ह्या बघा, फोटोबी हाय." त्यानं खिशातून मोबाइल काढला. शाल पांघरलेली मी, पहिल्या रांगेत.

एक बाई पुढं आली, तिनं आईच्या हातातली चुन्याची वाटी घेतली. "द्या वो इकडं. आमी लावतो नंबर." आईनं वाटी दिली. त्या दिवशी आमचं टिपाड सगळ्यात शेवटी भरलं आणि अर्धंच भरलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "रस्ता भिजवला त्यांनी. त्यांच्याकडून मला दुसरं काय पाह्यजे हुतं? खोटं तू बोललीस. आन् माझ्या तोंडानं बोललीस."

मी म्हणाले, मी सगळ्यांना सांगते, चूक माझी आहे. सांगितलंही, दारोदार जाऊन. ऐकलं सगळ्यांनी. वाटी परत आली नाही.

पाऊस झाल्यावर कारखान्याची सर्वसाधारण सभा लागली. आमच्याकडे सभा कशी होते ते तुम्हाला माहीत असेल. सेक्रेटरी विषय वाचायला तोंड उघडतो, पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं, आणि वाक्य संपायच्या आत पुढचा विषय येतो. आई दरवेळी अंगठा न करता सही करायची, चहा पिऊन यायची. मी सभासद नाही, मला आत सोडलं नाही. मी गेटवर पत्रक वाटत होते. टँकरची पहिली खेप कुठं गेली, एवढंच त्यात होतं. विशेषण एकही नव्हतं.

आत अभिनंदनाचा ठराव आला. दुष्काळात वस्त्यांना पाणी पुरवल्याबद्दल माननीय चेअरमन साहेबांचे. स्पीकरवरून मला बाहेर ऐकू येत होतं. 'मंजूर, मंजूर' झालं आणि त्यातून एक बाईचा आवाज आला, माईक नसलेला, पातळ. "मंजूर न्हाई. दुरुस्तीनंतरची पहिली खेप कुठं वतली ते आधी वाचा."

"मावशी, बसा."

"बसते की. आधी वाचा."

कुणीतरी हसलं. "मावशे, तुमच्या पोरीलाच इचारा की, तिनंच भिजवायला लावला!" आता सगळे हसले. आमच्या वस्तीचे सात सभासद आत होते. ज्यांची टिपाडं तिनं इतके महिने सांभाळली, ते सात. त्यातलं कुणी उठलं नाही. पुन्हा 'मंजूर' झालं, आणखी मोठ्यानं, आणि आई तेवढा वेळ उभीच होती, हे मला नंतर जनरेटर सांभाळायला आत असलेल्या चाचांनी सांगितलं.

इतिवृत्त छापून घरी आलं. त्यात लिहिलं होतं: ठराव एकमताने मंजूर. आईनं ते वाचलं, चष्मा काढला, मला म्हणाली, "मी हुते का न्हाई मग तिथं?"

माझ्या चुकीचं ओझं मी तुमच्यावर टाकत नाही, ते माझं आहे. तुम्हाला एकच मागते. तुम्ही कारखान्याचे, दूध संघाचे, सोसायटीचे, कशाचेही सभासद असाल, तर या वर्षीच्या सभेला जा. एखादी बाई, एखादा म्हातारा उभा राहून 'मंजूर न्हाई' म्हणाला, तर तुम्हीही उभे राहा. ती बरोबर आहे की चूक, तिची पोरगी कशी आहे, ते नंतर बघा. आधी आपला विरोध नावासकट लिहून घ्यायला लावा, आणि तो लिहिला जाईपर्यंत खाली बसू नका.